मोलियागुलचं सोनं आणि आजचा डिटेक्टर

नमस्कार श्रोतेहो. एप्रिल लागला, ऑस्ट्रेलियात आपल्या व्हिक्टोरिया राज्यातला उन्हाचा तडाखा ओसरला. आता ऑक्टोबरपर्यंतचे दिवस जमिनीतलं सोनं शोधणारा डिटेक्टर खांद्याला लावून रानात जायचे. जमीन ओलसर असते, खणायला हात दुखत नाहीत, आणि भर थंडीत सापही गारठ्याने सुस्तावलेले असतात. मेलबर्नहून बॅलरॅट-बेंडिगोकडे सुट्टीत जाणाऱ्या आपल्या मंडळींनी आजचं बोलणं जरा कान देऊन ऐकावं.

पहिली गोष्ट परवान्याची. त्याला इथे 'मायनर्स राइट' म्हणतात. ऑनलाइन मिळतो, फी थोडकी आहे, आणि तो दहा वर्षं चालतो. तो खिशात असला की नियम पाळून सापडलेलं सोनं तुमचं. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी मनाई आहे, काही ठिकाणी ठरावीक पट्ट्यांत चालतं. आदिवासींच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही, झाडंझुडपं तोडायची नाहीत. सरकारचा 'जिओविक' नावाचा नकाशा फुकट बघता येतो. त्यावर जागा तपासा, मगच गाडी काढा.

हा परवाना कुणाला नुसता कागद वाटत असेल तर त्याचा इतिहास ऐका. १८५१ पासून खाणकऱ्यांना महिन्याला ३० शिलिंग भरावे लागत, सोनं मिळो न मिळो. त्यातून असंतोष पेटला आणि ३ डिसेंबर १८५४ ला बॅलरॅटला बंडखोर खाणकऱ्यांनी उभारलेल्या 'युरेका'च्या कुंपणावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. पुढच्याच वर्षी वर्षाला एक पौंड भरून हा 'राइट' मिळू लागला. माझ्या मते इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरातल्या मुलांना युरेका नीट सांगितलं पाहिजे. शाळेच्या सहलीत त्या बंडाचा झेंडा बघून आली, एवढ्याने भागत नाही.

आता यंत्र. इथल्या मातीत लोह फार आहे. साधा, व्हीएलएफ प्रकारचा डिटेक्टर सतत लहर सोडतो आणि त्यात लाल माती, लोहाचे दगड, सगळंच ओरडतं. पल्स इंडक्शनचा डिटेक्टर, म्हणजे पीआय, एक ठोका सोडतो, थांबतो आणि मधल्या फटीत ऐकतो. मातीचा बराचसा आवाज तोवर विरलेला असतो, उरलेला आवाज 'ग्राउंड बॅलन्स', म्हणजे यंत्र त्या मातीशी जुळवून घेण्याची सोय, वजा करते. म्हणून खोलवरच्या सोन्याला पीआय, आणि वरवरच्या अगदी बारीक कणाला उच्च वारंवारतेचा व्हीएलएफ. पीआयला काही हजार डॉलर पडतात. आधी भाड्याने घेऊन बघा. हप्त्यावर घेऊन माळ्यावर टाकून ठेवलेल्या वस्तू आपल्या घरांत आधीच खूप आहेत.

सोनं नेमकं कुठे शोधायचं? त्यासाठी मोलियागुलची गोष्ट सांगायलाच हवी. मेलबर्नच्या वायव्येला दोनशे किलोमीटरच्या आसपास, डनॉली गावापुढे मोलियागुल आहे. तारीख ५ फेब्रुवारी १८६९, वार शुक्रवार. जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स हे दोघे भागीदार 'बुलडॉग गली' नावाच्या घळीच्या उतारावर काम करत होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडून, कॉर्नवॉलच्या बाजूने आलेली ही माणसं. तिकडे खाणी म्हणजे पोटापाण्याचा धंदा. दोघांची थोडी शेती होती, आणि शेतीला जोड म्हणून ते उथळ माती खणून धुवत. रोजचा कष्टाचा हिशोब होता तो.

त्या दिवशी डीसन एका झाडाच्या बुंध्याशी मुळांभोवतीची माती सैल करत होता. टिकाव कशावर तरी आपटला. दगड असेल म्हणून पुन्हा मारला, पुन्हा तोच आवाज. वाकून माती बाजूला केली तर पिवळं चकाकलं. कडा मोकळ्या करू लागला, तर कडा संपेचनात. लांबी दोन फुटांच्या घरात, रुंदी फूटभर. आणि वर माती किती? तीन सेंटीमीटर! नीट ऐका श्रोतेहो, तीन सेंटीमीटर. आपल्या बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी. वर्षानुवर्षं माणसं तिथून ये-जा करत होती, आणि जगातला आजवर सापडलेला सगळ्यात मोठा सोन्याचा गोळा त्यांच्या पायाखाली इंचभर खोल पडून होता.

डीसनने ओट्सला बोलावलं. दोघांनी तो वर काढला आणि गाडीत घालून डीसनच्या झोपडीत नेला. गोळ्याला गारगोटी चिकटलेली होती. ती सुटावी म्हणून त्यांनी गोळा चुलीच्या विस्तवात तापवला आणि तडकलेली गारगोटी ठोकून काढली. आलेल्या-गेलेल्या मित्रांना त्यातले बारीक तुकडे वाटलेही. मग तो डनॉलीच्या बँकेत नेला. बँकेत सोनं रोज येई, पण एवढा गोळा बसेल असा काटाच तिथे नव्हता. मग काय केलं? गावच्या लोहाराकडे नेला, ऐरणीवर ठेवला, छिन्नी लावली आणि घाव घालून तुकडे केले. तुकडे काट्यावर बसले, वजन झालं, बँकेने नऊ हजारांहून जास्त पौंड मोजले. सोनं वितळवून लगडी झाल्या आणि महिना संपायच्या आत त्या इंग्लंडच्या वाटेला लागल्या.

या गोळ्याचं नाव पडलं 'वेलकम स्ट्रेंजर'. निव्वळ सोनं भरलं ७२ किलो. आपल्या जुन्या तोळ्यात, ११.६६ ग्रॅमच्या हिशोबाने, सहा हजार तोळ्यांच्या वर. आणि त्याचा एकही फोटो नाही. १८६९ साली मेलबर्नमध्ये फोटो स्टुडिओ भरपूर होते, पण गोळा तुटायच्या आधी कुणी कॅमेरा आणला नाही. आज दिसतात ती चित्रं आणि प्रतिकृती बघणाऱ्यांच्या आठवणीवरून केलेल्या. सोनं तेव्हाही फक्त वजनाने मोजलं आणि आजही आपण तेच करतो. दागिना मोडायला गेलं की नक्षीची, घडणावळीची किंमत शून्य. ज्या हातांनी ती नक्षी काढली त्यांच्यावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुढे ओट्स मायदेशी जाऊन लग्न करून परत आला, त्याने जमीन घेतली आणि शेती केली. डीसनने बराच पैसा पुन्हा खाणींत घातला आणि त्यातला पुष्कळ गमावला. तो मोलियागुलजवळच शेवटपर्यंत राहिला, १९१५ साली गेला. सापडल्या जागी १८९७ साली उभारलेला दगडी स्तंभ आजही आहे. आणि डिटेक्टरवाल्यांची आठवण हवी असेल तर १९८० सालची 'हँड ऑफ फेथ' घ्या. याच पट्ट्यातल्या किंगोवरला केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने सापडलेली २७ किलोची ढेप.

तर यातून घ्यायचं काय? टेकडीतली गारगोटीची शीर झिजते, फुटते, सोनं बाहेर पडतं. हलकी माती पाण्याबरोबर खाली जाते, जड सोनं उतारावरच रेंगाळतं. म्हणून घळीच्या तळाइतकाच वरचा उतार बघा. जिथे जुन्या लोकांनी उथळ खरवडलं आहे, गारगोटी आणि लोहाचे दगड एकत्र पसरलेत, मातीखाली खडक जवळ आहे, तिथे झाडांच्या बुंध्याभोवती कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची तबकडी, फिरवा. मुळांत टिकाव अडकतो म्हणून जुन्यांनी त्या जागा सोडल्या आहेत. सोडलेलं सोनं वेचणं आपल्याला नवं नाही. सराफ कट्ट्यातली केराची माती धुऊन कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. त्यांच्या कसबाची नोंद कुणी नीट ठेवली नाही, हे दुःख वेगळंच.

आता हाताचं काम. अंगठी, घड्याळ, लोखंडी टोकाचे बूट घरी ठेवा. स्वच्छ जागी ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून कॉइल जमिनीजवळून वर-खाली करा, आवाज स्थिर झाला की सोडा. मातीचा रंग बदलला की पुन्हा करा. मग कॉइल जमिनीला लागून, सावकाश. लागून आणि सावकाश. शेणाने सारवताना हात फिरतो तसा, प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्यावर अर्धा चढवत. फेऱ्याच्या टोकाला कॉइल पाच सेंटीमीटर उचलली गेली तर पाच सेंटीमीटर खोली गेली. सोनं तिथेच असेल तर पुन्हा कळणार नाही.

हेडफोनमध्ये एक बारीक गुणगुण सतत चालू ठेवा. ती जराशी जरी हलली तरी थांबा. कॉइल आधी डावी-उजवी फिरवा, मग पुढे-मागे. दोन्हीकडून त्याच जागी आवाज आला तर आधी बुटाने वरची माती खरवडा. आवाज सरकला तर बहुधा वरचा खिळा किंवा पत्रा. टिकावाच्या दांड्याला जोरदार चुंबक बसवून घ्या, लोखंडाचे तुकडे तोच उचलतो. आवाज हलला नाही तर खणा, पण कडेने, गोळ्यावर घाव न घालता. खड्ड्यात आवाज थांबला की वर काढलेली माती तपासा. प्लास्टिकच्या डावाने थोडी माती घ्या, कॉइलवरून फिरवा. वाजली तर अर्धी दुसऱ्या हातात, पुन्हा दोन्ही फिरवा. जी वाजेल ती ठेवा, दुसरी टाका. असं अर्धं-अर्धं करत शेवटी चिमूटभर उरतं. धातूचा डाव नको, तो स्वतःच वाजतो.

पीआयला सोनं, शिसं आणि ॲल्युमिनियम यांत फरक करणं अवघड जातं. बंदुकीचे छर्रे आणि बाटल्यांची झाकणं खूप निघतील, आणि आवाज चांगला असेल तर तेही खणावंच लागतं.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगतो. या रानात जुन्या खाणींचे उभे खड्डे आहेत, काही पालापाचोळ्याने झाकलेले. हेडफोन लावून, नजर कॉइलवर ठेवून मागे सरकू नका. मुलांना मोकळं सोडू नका. गाडीची जागा जीपीएसवर टिपून निघा, पाणी जास्त घ्या. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून जा. आगबंदीच्या दिवशी काडी पेटवायची नाही.

खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा, पायाने दाबा, वर पालापाचोळा सरका. कांगारूचा किंवा गुराचा पाय त्यात मुडपतो, आणि पाऊस पडला की माती तिथूनच वाहायला लागते. सापडलेला कण कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा. ॲसिड नको, ठोकणं नको, वितळवणं तर नकोच, कारण आकार शाबूत असलेल्या कणाला हौशी लोक वितळवलेल्या सोन्यापेक्षा जास्त दाम देतात. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा आणि तारीख वहीत लिहा.