पोटोमॅकवर सगळं शांत

मंडळी, आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे, आणि शब्द आहे 'क्वायट'. आपल्याकडे इंग्लिश मिडियमच्या नर्सरीतलं पोर पण तो पहिल्या आठवड्यात शिकतं. हाच शब्द १८६१च्या शेवटी अमेरिकेतल्या पेपरांत परत परत छापून येत होता, आणि तेव्हा तिकडे उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची राज्यं असं यादवी युद्ध चालू होतं.

त्या वर्षी २१ जुलैला बुल रनला उत्तरेची फौज हरली, सैनिक वाट फुटेल तसे वॉशिंग्टनकडे पळत आले. मग फौज जनरल मॅक्लेलनच्या हातात दिली. माणूस तयारीचा पक्का, लाखाच्या वर सैन्य उभं केलं, कवायती करून घेतल्या, पण पुढे काही सरकेना. राजधानीतल्या तारेवर सेन्सॉरची नजर, आणि बातमी तर रोज हवी, मग यायचं काय तर 'ऑल क्वायट अलाँग द पोटोमॅक', म्हणजे पोटोमॅक नदीकाठी सगळं शांत.

आता हे शांत म्हणजे नक्की काय? नदीच्या वरच्या अंगाला अल्याड उत्तरेचे पहारेकरी, पल्याड दक्षिणेचे. त्यांना पिकेट म्हणायचे. फौजेच्या पुढे, अंधारात, एकटादुकटा उभा केलेला माणूस. झाडीतून एखादी गोळी यायची आणि तो पडायचा. लढाई झाली नाही, अधिकारी गेला नाही, म्हणजे पेपराच्या हिशोबात दिवस शांतच. मला ह्या शब्दाचं वाईट वाटतं ते इथे. तो खोटा नव्हता हो, फक्त कोणाचं मरण मोजायचं हे त्या शब्दानेच परस्पर ठरवून टाकलेलं.

आपल्या पेपरांत 'तणावपूर्ण शांतता' असते ना, त्यात निदान तणाव तरी कबूल केलेला असतो, इथे तेवढंही नाही.

२१ ऑक्टोबरला बॉल्स ब्लफला उत्तरेची माणसं कड्यावरून नदीत रेटली गेली, कित्येक बुडाली, आणि पुढचे काही दिवस प्रेतं वाहत वाहत वॉशिंग्टनपर्यंत आली. त्याच पोटोमॅकमधून. लिंकनचा जिवाभावाचा मित्र एडवर्ड बेकर, सिनेटर होता तो, तिथेच गेला, लिंकनने एका मुलाचं नाव ह्याच्यावरून एडवर्ड ठेवलं होतं. एवढं झाल्यावर 'ऑल क्वायट' वाचून लोक चिडायला लागले, आणि तेच शब्द मॅक्लेलनला टोमणा म्हणून फेकायला लागले.

पण त्या शब्दाला खरं उत्तर दिलं एका बाईने. एथेल लिन बीअर्स. सांगतात की तिने पेपरात वर 'ऑल क्वायट' वाचलं आणि खाली बारीक टायपात एक पिकेट मारला गेल्याची बातमी. तिने कविता लिहिली, ती ३० नोव्हेंबर १८६१च्या 'हार्पर्स वीकली'त आली. सुरुवात त्याच छापील वाक्याने, आणि मग तो पहाऱ्यावरचा माणूस, येरझारा घालतोय, लांब डोंगरातल्या घरी छोट्या खाटेवर झोपलेली दोन पोरं त्याला आठवतायत. अधिकारी नाही गेला, साधा शिपाईच गेला, असं ती पेपरवाल्यांच्याच हिशोबात म्हणते. शेवटी पहारेकऱ्याची ड्यूटी कायमची संपते, नदीचा आवाज तेवढा राहतो, आणि परत तेच, सगळं शांत. पुढे दक्षिणेत जॉन हिल ह्युइटने त्याला चाल लावली, आणि गाणं दोन्हीकडचे लोक म्हणायला लागले.

आणि शिपायांनी स्वतः केलेली शांतता वेगळीच होती. १८६२-६३च्या हिवाळ्यात रॅपहॅनक नदीवर दोन्हीकडचे पिकेट आपसात ठरवून गोळी झाडायचे नाहीत. वरून मनाई होती तरी फळकुटाची होडी करायची, तिला शीड लावायचं आणि सोडायची. इकडून कॉफी जायची, तिकडून तंबाखू यायचा, आणि वाचायला म्हणून एकमेकांच्या बाजूचे पेपरही त्याच होडीतून जायचे-यायचे.