नगर-बीड-परळी: मंजुरी 1995, बीडमध्ये गाडी 2025

[दृश्य: बीड स्थानक. डेमू, म्हणजे डिझेलवर धावणारी प्रवासी गाडी, फलाटाला लागते. माणसं दारात, खिडकीत, फलाटभर. गाडीचा भोंगा पूर्ण ऐकू द्यावा.]

17 सप्टेंबर 2025. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली.

निजामाच्या काळात मनमाडहून हैदराबादकडे रेल्वे गेली, ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी. बीड बाजूलाच राहिलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला परळीत रेल्वे होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणी रूळ नव्हते. नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली 1995-96 च्या रेल्वे अर्थसंकल्पात. तेव्हाचा अंदाज होता 353 कोटी रुपयांचा. आज हाच खर्च साधारण 4,800 कोटींवर गेला आहे.

[दृश्य: भरावाचा उतार, पावसानं पडलेले ओघळ. मग जवळून खडी आणि काँक्रीटचे स्लीपर.]

हा भराव नीट बघा. रूळ टाकायच्या आधी मातीचे थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून तो दाबून घेतात. वर खडी, खडीवर स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळया. हे सगळं सलग झालं तर ठीक. पण भराव घातला आणि पुढच्या कामाला पैसाच आला नाही, तर पावसाळ्यात त्याला असे ओघळ पडतात. माती वाहून जाते, उतार पुन्हा बांधावे लागतात. एकाच कामाचं बिल दोनदा निघतं.

पैसा येतो कसा? रेल्वेच्या कामांची यादी पिंक बुकात, म्हणजे अर्थसंकल्पासोबतच्या पुस्तकात, असते. प्रत्येक मार्गापुढे त्या वर्षीची तरतूद लिहिलेली असते. मंजूर झालेला मार्ग यादीत राहतो, पण त्याच्यापुढे किती रक्कम पडेल याची हमी कुणीच देत नाही. काही मार्गांपुढे फक्त हजार रुपये लिहिलेले असतात. काम जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात नवा मार्ग निवडताना अनेक वर्षं कसोटी होती 14 टक्के परताव्याची. जिथं आधीच माल आणि प्रवासी भरपूर, तिथला मार्ग या कसोटीला उतरायचा. बीडसारखा जिल्हा उतरणार कसा? रेल्वे नाही म्हणून कारखाने येत नाहीत आणि कारखाने नाहीत म्हणून रेल्वे परवडत नाही.

पुढं निम्मा खर्च राज्यानं उचलायचं ठरलं. काम हललं ते त्यामुळेच, हे मान्य करायला हवं. पण तेव्हापासून दोन अर्थसंकल्पांत पैसा ठेवावा लागतो आणि एकीकडचा हप्ता लांबला तरी ठेकेदाराची यंत्रं उभी राहतात.

[दृश्य: शेतातला हद्दीचा दगड, पलीकडे कपाशी.]

जमिनीचंही तेच. 1 जानेवारी 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत गेला. शेतकऱ्याच्या हक्काचा पैसा आहे तो, मिळालाच पाहिजे. मात्र ज्या मार्गाला मंजुरी 1995 ची, त्याची जमीन 2014 नंतरही घ्यायची राहिली होती.

[दृश्य: आष्टी स्थानक, मग कडा, सोलापूरवाडी अशा पाट्या.]

नगर ते आष्टी, 66 किलोमीटर. इथं प्रवासी गाडी सुरू झाली सप्टेंबर 2022 मध्ये, मंजुरीनंतर 27 वर्षांनी. मग अंमळनेर, विघनवाडी, राजुरी आणि बीड.

आता कोकण रेल्वे आठवा. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं. भांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, बाकी कर्नाटक, गोवा आणि केरळचा. उरलेला पैसा रोख्यांतून उभा केला. सह्याद्रीच्या पायथ्यानं, बोगदे फोडत, खाड्यांवर पूल टाकत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर मार्ग झाला आणि जानेवारी 1998 मध्ये या पूर्ण मार्गावर गाडी धावली. कुठं ते कडे आणि कुठं बीडचं हे मोकळं माळरान! कोकणात काम सुरू करतानाच पैशाची सोय लावली होती. समृद्धी महामार्गालाही तेच केलं. कर्ज उभारलं, सिडको, म्हाडा, एमआयडीसीकडून पैसा घेतला. 701 किलोमीटरची घोषणा 2015 ची, शेवटचा टप्पा खुला झाला जून 2025 मध्ये. रस्ता हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारनं मनावर घेतलं की पैसा एकत्र उभा राहतो, हे या राज्यानं दोनदा पाहिलं आहे.

[दृश्य: ऊसतोड मजुरांचे ट्रक, टपावर संसार, पोरं. निवेदन थांबवून काही क्षण फक्त इंजिनाचा आवाज.]

या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि रेल्वे नसल्याची किंमत इथल्या बाजारानं, शाळेनं, दवाखान्यानं मोजली आहे.

[दृश्य: बीडच्या पुढचं काम, वडवणीची दिशा.]

बीड ते परळी, सुमारे 95 किलोमीटर. एवढं जोडलं की हा मार्ग परळीच्या जुन्या रेल्वेला मिळतो आणि नगरहून थेट हैदराबादच्या दिशेची वाट उघडते. फेब्रुवारीत केंद्राचा अर्थसंकल्प येतो, मार्चमध्ये राज्याचा. दोन्हींत नगर-बीड-परळीपुढे किती रक्कम लिहिली आहे ते बघा आणि कमी दिसली तर आपल्या खासदाराला, आमदाराला त्याच आठवड्यात विचारा.