तान्ह्या बिशपचे कारभारी

जर्मनीतील ओस्नाब्र्युक शहराच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात 1836 पासून उभा असलेला हा पुतळा राजाचा नाही, सेनापतीचाही नाही. तो युस्टुस म्योझर या वकिलाचा आहे. 1720 मध्ये याच शहरात जन्मलेल्या म्योझर यांनी येना आणि ग्योटिंगेन येथे कायद्याचा अभ्यास केला आणि परत येऊन ते आयुष्यभर याच मुलखाच्या कामात राहिले.

आता आपण नगरभवनाच्या या दालनात आहोत. भिंतींवर ओळीने लावलेली चित्रे तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या वाटाघाटींतील राजदूतांची आहेत. ओस्नाब्र्युकच्या मुलखात बिशप हाच राज्यकर्ता असे आणि 1648 च्या त्या तहाने या गादीसाठी एक विलक्षण तोडगा काढला. एकदा कॅथलिक बिशप राज्य करील आणि त्याच्यामागून ब्राउन्श्वाइग-ल्युनेबुर्ग घराण्यातील प्रोटेस्टंट राजपुत्र, असा क्रम ठरला. कॅथलिक बिशप क्लेमेन्स आउगुस्ट 1761 मध्ये वारले तेव्हा पाळी प्रोटेस्टंटांची होती. त्याच घराण्यातील इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांनी आपला मुलगा फ्रेडरिक याला पुढे केले आणि फेब्रुवारी 1764 मध्ये जेमतेम सहा महिन्यांचे हे बाळ बिशप झाले. गादीवर तान्हे मूल आणि त्याचे वडील लंडनमध्ये, अशा स्थितीत मुलखाचा कारभार प्रत्यक्षात ज्यांच्या सल्ल्याने चालला, ते म्योझर होते.

त्याआधी सात वर्षांच्या युद्धात (1756–63) सैन्यांनी मागितलेल्या खंडणीच्या वाटाघाटी त्यांनी केल्या होत्या. सरदारवर्गाचे कायदेशीर सल्लागार आणि सरकारचेही सल्लागार, अशी दोन्ही कामे ते एकाच वेळी सांभाळत होते, आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

आणि हा छापील कागद पाहा. 1766 मध्ये सुरू झालेल्या ओस्नाब्र्युकच्या साप्ताहिकात म्योझर स्वतः लिहीत असत. कॉफीवर निर्बंध घालावेत का, दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे गावच्या दुकानदाराचे काय होते, उन्हाळ्यात हॉलंडला मजुरीसाठी जाणाऱ्या माणसांमुळे मुलखाचा तोटा होतो की फायदा, हे प्रश्न ते कधी काल्पनिक पत्रांतून, कधी तक्रारीच्या रूपात मांडत आणि उलट बाजूही तितक्याच जोमाने लिहीत. कायदा प्रत्येक गावच्या रीतीभातीतून उगवावा, दूरच्या कचेरीतून सगळीकडे एकच हुकूम सुटू नये, ही त्यांची धारणा होती. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना कारण समजावून सांगणारा असा अधिकारी त्या काळात विरळाच. जर्मन कवी ग्योथे यांनाही तरुणपणी या लेखांनी भारावून टाकले होते.

स्थानिक परंपरेच्या याच आग्रहापोटी त्यांनी शेतकऱ्यांच्या वेठबिगारीचीही पाठराखण केली.

8 जानेवारी 1794 रोजी म्योझर वारले आणि 1803 मध्ये हे बिशपराज्य हॅनोव्हरमध्ये विलीन झाले. सेंट मेरी चर्चमध्ये आपण पाहतो आहोत ती त्यांच्या थडग्यावरची शिळा.