आधी बॉल, मग जमीन

नमस्कार मंडळी. आज मी थेट त्या लोकांशी बोलणार आहे जे दोन-तीन वर्षं गोल्फ खेळतायत, यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून झालेत, ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, तो पण नवा घेतलाय, आणि तरी पार ३ च्या होलवर, जिथे तीन शॉटमध्ये बॉल आत जायला हवा, तिथे सहा-सात लागतातच. गोव्यात असे खूप जण आहेत, कारण इथे गोल्फ लहानपणी कोणी शिकवलेला नसतो, माणूस आयुष्यभर क्रिकेट खेळून चाळिशीत इकडे वळतो, बाणावलीला नाहीतर काणकोणात राजबागेला रिसॉर्टमधला ९ होलचा कोर्स, तिथे महिन्यातून एखादा रविवार मिळतो आणि कोच काही रोज हाताशी नसतो. एवढ्या कमी वेळात नेमकं काय सुधारायचं? माझं म्हणणं एकच आहे, क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, जमिनीला कुठे लागतो ते आधी सुधारा.

अडकलेल्या प्लेअरचे वाईट शॉट बघा. एक फॅट, म्हणजे क्लब बॉलच्या आधीच मातीत घुसतो आणि बॉल चार पावलं जाऊन थांबतो. दुसरा टॉप, क्लब बॉलच्या डोक्याला घासतो आणि बॉल सरपटत सुटतो. लोकांना वाटतं हे दोन वेगवेगळे आजार, म्हणून फॅट लागला की पुढच्या शॉटला अंग वर उचलतात, मग टॉप होतो, मग परत खाली वाकतात, आणि सगळा राउंड याच्यातच जातो. मूळ बहुतेक वेळा एकच असतं. स्विंगचा सगळ्यात खालचा पॉइंट बॉलच्या मागे पडतोय. तिथे क्लब टेकला तर फॅट, टेकायचा राहिला तर तो वर येता येता बॉलला लागतो आणि टॉप. चांगल्या प्लेअरचा आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचा क्लब, आधी बॉलला लागतो आणि त्याच्या पुढे तीन-चार इंचांवर सगळ्यात खाली जातो, त्यांचा डिव्हट, म्हणजे उखडलेला गवताचा तुकडा, बॉलच्या पुढे का असतो ते आता कळलं असेल, टीव्हीवर बघाल तेव्हा लक्ष ठेवा.

आपला का मागे पडतो? कारण आपण बॉल हवेत उचलायला जातो. वजन मागच्या पायावर, मनगटं पुढे झटकलेली, सगळा प्रयत्न बॉलच्या खाली शिरायचा. क्रिकेटमध्ये हे चालून जातं, तिथे बॉल टप्पा पडून उसळलेला असतो, खाली जागा असते. इथे तो गवतावर बसलाय. आणि उचलायचं काम क्लबचंच आहे, ७ आयर्नच्या तोंडाला तीसेक डिग्रीचा लॉफ्ट, म्हणजे मागे झुकलेला कल, कंपनीने आधीच दिलेला असतो, पिचिंग वेज या जवळच्या शॉटच्या क्लबला त्याहून जास्त. तुम्ही फक्त क्लब खाली आणि पुढे न्यायचा, बॉल आपोआप वर चढतो. यावर विश्वास बसायला वेळ लागतो हे मला मान्य आहे, पण तो बसल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही.

आता यासाठी आपल्याकडे जी सोय आहे ती दिल्ली-बंगळूरच्या महागड्या गोल्फ संस्थांकडे पण नाही. ओहोटीची ओली वाळू! सकाळी लवकर, माणसं नसताना, एक जुना वेज घेऊन जा. बॉल नेऊच नका, किनाऱ्यावर बॉल मारायचा नसतो, कोणाला लागला तर डोकं फुटेल. आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग सोडून दुसरीकडे जा, तिथे कासवं अंडी घालतात, ती वाळू उकरायची नाही. पाणी नुकतं सरलेलं असतं तिथली वाळू घट्ट असते, त्यावर क्लबच्या टोकाने हातभर रेघ ओढा, तुमच्यापासून समोर जाणारी, आणि असे उभे राहा की रेघ दोन्ही पायांच्या बरोब्बर मध्ये येईल. डाव्या पायावर थोडं जास्त वजन, अर्धा स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत. मग खाली बघा. वाळूवर जो ओरखडा उठलाय तो रेघेवर सुरू होऊन टार्गेटच्या बाजूला जायला हवा. बहुतेकांचा वीतभर मागे सुरू होतो, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण सरावाच्या रेंजवरच्या मॅटवर क्लब मागे टेकला तरी तो घसरून बॉलला लागतो आणि शॉट ठीक गेल्यासारखा वाटतो. वाळू तसं काही लपवत नाही. रेघ पुसली की नवी ओढायची, परत मारायचं, आणि ओरखडा सलग रेघेच्या पुढे पडायला लागला की मगच स्विंग मोठा करायचा. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुवा हां, खाऱ्या पाण्याने गंज धरतो.

काही जण म्हणतील, सगळे तर सांगतात शॉर्ट गेम, म्हणजे होलजवळचे छोटे शॉट, आणि पटिंग, म्हणजे बॉल जमिनीवरून ढकलून होलमध्ये घालणं, ते सुधारा, तुम्ही हे काय आयर्नचं घेऊन बसलात. कोलंबिया युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर मार्क ब्रॉडी यांनी खूप मोठ्या संख्येने शॉट मोजून दाखवलंय की चांगल्या आणि साधारण प्लेअरच्या स्कोरमधल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग १०० यार्डांच्या बाहेरच्या शॉटमधून येतो. म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचण्याआधीच आपण मागे पडलेलो असतो. मला हे पूर्ण पटतं, कारण एक फॅट शॉट म्हणजे अख्खा एक स्ट्रोक गेला, अगदी सरळ हिशोब आहे.

स्लाइसबद्दल, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जातो त्याबद्दल, थोडक्यात. बॉल सुरुवातीला कुठल्या दिशेने निघतो ते मुख्यतः क्लबच्या तोंडावर ठरतं, आणि तो वळतो किती, ते तोंड आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर. पूर्वी उलट शिकवायचे, रडारने मोजायला लागल्यावर हे स्पष्ट झालं. बॉल आणि क्लबचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढाच असतो, तेवढ्यात हाताने काही दुरुस्त करता येत नाही. म्हणून ग्रिप बघा. वरून बघताना डाव्या हाताची दोन बोटांची मुळं दिसली पाहिजेत, क्रिकेटवाल्यांची बहुधा एकच दिसते.

दुपारचा समुद्रावरचा वारा समोरून आला की आपण जोरात मारतो. जोराने बॅकस्पिन वाढते आणि बॉल वर चढून तिथेच पडतो. दोन नंबर लांबचा क्लब घ्या, म्हणजे ७ च्या जागी ५ आयर्न, आणि सावकाश मारा.

पटिंगमध्ये एकच गोष्ट, स्पीड. पीजीए टूर या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांमधले प्रो आठ फुटांवरून जवळजवळ निम्मेच पट घालतात, मग वीस फुटांवरून आपला गेला नाही म्हणून चिडायचं कशाला, तो होलच्या जवळ दोन फुटांत थांबला की काम झालं. आपल्या हवेतल्या ग्रीनवर गवताचा कल पण बघा, ज्या दिशेला बघताना चकाकतं तिकडे बॉल पळतो, काळपट दिसलं तर अडतो.

लांब मारण्याचा सोस आहे त्यांनी आपली गोल्फर अदिती अशोक हिला आठवावं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ती जागतिक क्रमवारीत २०० वी होती, आधी कोविड होऊन गेलेला, ड्राइव्ह बरोबरच्या मुलींपेक्षा खूप कमी जात होता, आणि तरी चौथी आली, सिल्व्हरच्या प्लेऑफपासून एका स्ट्रोकने मागे. मला त्या चार दिवसांबद्दल अजूनही फार अभिमान वाटतो. लांबी कमी असूनही बॉल वाया जात नव्हता, आणि पटरने तर कमालच केली.

स्कोर मोजायला स्टेबलफोर्ड घ्या, त्यात प्रत्येक होलचे पॉइंट मिळतात. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत, १९३२ पासून स्पर्धांमध्ये आली. एखादं होल बिघडलं की शून्य पॉइंट, बॉल उचला आणि पुढे चला, मागे थांबलेले पण खूश. आणि हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाप्रमाणे मिळणारी स्ट्रोकची सूट, काढून घ्यायला लाजू नका, २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि ती ५४ पर्यंत जाते, म्हणजे नवख्यांना धरूनच ती केलेली आहे. कार्डावर स्कोरच्या बाजूला फॅट आणि टॉपची खूण करत जा, महिनाभराने तीच संख्या बघा, एकूण स्कोर नंतर.

मघाशी तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली, पावसाळ्यात चार महिने काय करायचं? ताई, जूननंतर कोर्सवर बॉल चिखलात रुततो आणि किनाऱ्यावर तर जायचंच नाही, समुद्र खवळलेला असतो. घरात सतरंजी पसरा, तिच्या काठाला समांतर तीन फुटांचे पट मारा, आणि व्हरांड्यात जुनं पायपुसणं टाकून त्यावर खडूने रेघ ओढा, वेजचा अर्धा स्विंग, खडू क्लबच्या तळाला कुठे लागतो ते बघा. वर पंखा आहे का ते आधी बघून घ्या. सप्टेंबर संपला की वाळू परत मिळेल.