शॉकअप बदलले तरी खटखट तशीच

नमस्कार मंडळी! तुमच्यापैकी कुणाची गाडी मोठ्या स्पीडब्रेकरवरून गुपचूप उतरते, पण उखडलेल्या रस्त्यावर २०च्या स्पीडला पुढून खालून कुणी हातोडी मारल्यासारखी खटखट करते का? माझी करायची. आणि मी काय केलं, तर काही न तपासता स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) आणून पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, अख्खा रविवार त्यात गेला, आणि सोमवारी पहिल्याच खड्ड्यात परत खट्ट!

वाजत होती लिंक रॉड. जेमतेम फूटभर दांडी, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारे सांधे), स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी फार कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांमध्ये बसवलेली आडवी सळई) शॉकअपशी नाहीतर लोअर आर्मशी (चाकाला खालून धरणारा हात) जोडणारी. तिचं रबर फाटलं की आत धूळपाणी जातं, ग्रीस संपतं आणि जॉइंट ढिला होतो. आता गंमत बघा, स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदमच वर जातात त्यामुळे बारला पीळ बसत नाही, पण खडबडीत रस्त्यावर डावं वर तर उजवं खाली, मग बार पिळतो, सुटतो आणि ढिला जॉइंट वाजतो. हे मला आधी सुचलं असतं तर रविवार वाचला असता.

तपासायला गाडी उचलायचीही गरज नाही. हँडब्रेक ओढा, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून इंजिन बंद करा, चाकामागे हात घालून दांडी धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी बाजूने हलवायला सांगा. जॉइंट गेला असेल तर टिकटिक कानाच्या आधी बोटांना कळते. फक्त बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांत घालू नका.

शॉकअपचं म्हणाल तर बाहेर तेल ओघळलेलं दिसतं, किंवा बॉनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी डुलतच राहते. पण या दाबून बघण्यावर फार विसंबू नका, त्यात पार मेलेलाच शॉकअप सापडतो, अर्धमेला सुटतो.

तिथेही काही नसेल तर मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावून गाडी उचला, आणि नुसत्या जॅकवर नाही हं, खाली घोडी (गाडीचं वजन पेलणारा स्टँड) पाहिजेच. चाक घड्याळातल्या १२ आणि ६वर धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणाला ब्रेक दाबायला लावा, प्ले गेला तर बहुतेक व्हील बेअरिंग, राहिला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. फक्त ९ आणि ३वर हलतंय? मग टाय रॉड एंड (स्टीअरिंगची दांडी चाकाकडे जोडणारा सांधा) बघा.

लिंक रॉड बदलताना दोन्ही पुढची चाकं उचला, एकच उचललं की बार ताणलेला राहतो आणि बोल्ट भोकातून निघता निघत नाही. गंजलेल्या नटवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारा. नटबरोबर बोल्टही गोल फिरायला लागला (लागतोच!) तर बोल्टच्या टोकाला अॅलन की अडकवून धरा आणि पान्याने नट फिरवा.

शॉकअपच्या माथ्यावरचा मधला नट मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय अजिबात सोडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल. लोअर आर्म खोललात तर त्याच्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. आणि टाय रॉड किंवा शॉकअपला हात लावला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. नुसती लिंक रॉड बदलली असेल तर त्याची गरज नाही, काचा खाली करा, रेडिओ बंद करा (आमचा कार्यक्रम संपल्यावर!) आणि त्याच खड्ड्यावरून एक चक्कर मारून या.