रिपोर्ट हातात आहे, पण डॉक्टरकडे जायची लाज वाटते

नमस्कार मंडळी. हिपॅटायटिसवर, म्हणजे लिव्हरला येणाऱ्या सुजेवर, बोला असं मला सांगितलंय, पण लिव्हर कुठे असतं आणि काय काम करतं ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, मी आज अशा लोकांबद्दल बोलणार आहे ज्यांचा हिपॅटायटिस बी किंवा सी ह्या व्हायरसचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय आणि तरी ते डॉक्टरकडे गेलेले नाहीत. मी पेशंट्सचं कौन्सेलिंग करते, माझ्याकडे असे लोक येतात ते बहुतेक उशिराच येतात. आधी का नाही आलात विचारलं की पहिलं उत्तर पैशाचं, इन्शुरन्स नाही हो, कुठून आणणार. मग जरा वेळ शांत बसलं की दुसरं बाहेर येतं, घरी कळलं तर, ऑफिसमध्ये कळलं तर, डॉक्टरने विचारलं कसं झालं तर काय सांगू. ह्या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि एकीच्या मागे दुसरी लपते. पैशाची अडचण खरीच असते, पण ती सोडवायला कोणाशी तरी बोलावं लागतं, आणि लाज नेमकं तेच करू देत नाही.

आधी लाजेचं बघू. लोकांच्या डोक्यात बी किंवा सी म्हणजे ड्रग्ज नाहीतर बाहेरचे संबंध, तिसरं काही नाहीच. मी नेहमी इजिप्तचं सांगते. तिथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत शिस्टोसोमियासिस नावाच्या कृमींच्या आजारावर गावोगावी इंजेक्शनं दिली गेली, सरकारी मोहीम होती, हेतू चांगला होता, पण सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यातून हिपॅटायटिस सी प्रचंड पसरला. म्हणजे लोक बरं व्हायला रांगेत उभे राहिले आणि हा व्हायरस घेऊन घरी गेले, ह्यात त्यांनी लाजायचं कशाला सांगा? आणि तेव्हा कोणाला कळणंही शक्य नव्हतं, कारण हा व्हायरस ओळखला गेला १९८९ मध्ये, दात्यांच्या रक्ताची त्यासाठी तपासणी त्यानंतर सुरू झाली, त्याआधी ज्यांना रक्त चढवलं त्यांच्यात किती जणांना हा आला असेल. बी चं तर अजून वेगळं, जगात खूप जणांना तो जन्माच्या वेळी आईकडून येतो, आणि बाळाला झाला तर दहातल्या नऊ जणांच्या अंगात तो कायमचा राहतो, मोठ्या माणसाला झाला तर बहुतेक वेळा शरीरच त्याला घालवून टाकतं. म्हणजे आज पन्नाशीत ज्याचा बी पॉझिटिव्ह आलाय तो कदाचित पहिल्या दिवसापासून तो घेऊन जगतोय.

आणि समजा सुईतूनच आला, समजा संबंधातूनच आला. तरी औषध तेच असतं आणि ते तेवढंच काम करतं. कसा झाला हे नक्की माहीत नसेल तर मला माहीत नाही एवढं म्हणा, त्यावाचून उपचार अडत नाहीत. फक्त दारू किती घेता, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, सप्लिमेंट्स, लिव्हर टॉनिक वगैरे काही घेता का, हे मात्र खरं सांगा कारण काही औषधं एकमेकांशी जमत नाहीत आणि काही थेट लिव्हरला त्रास देतात, डॉक्टर विचारतात ते त्यासाठी.

घरच्यांची भीती असते ना, तिच्यासाठी एक पक्कं लक्षात ठेवा. एका ताटात जेवून, मिठी मारून, एकच बाथरूम वापरून बी आणि सी पसरत नाहीत. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवायचं, सुई कधीच शेअर करायची नाही. बी असेल तर घरातल्यांची आणि जोडीदाराची टेस्ट करून ज्यांना नाही त्यांना लस द्यायची, ही लस खूप चांगली आहे. म्हणजे घरी सांगण्याने घर वाचतं, लपवण्याने नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त लागतं ते सांगते. सी ची पहिली टेस्ट असते अँटिबॉडीची, ती फक्त एवढंच सांगते की व्हायरस कधीतरी अंगात येऊन गेला होता. आज आहे का हे कळायला आरएनए टेस्ट लागते, ती रक्तात खुद्द व्हायरसच शोधते. साधारण दहातले तीन जण पहिल्या सहा महिन्यांत आपोआप, औषधाशिवाय ह्यातून मोकळे होतात आणि त्यांची अँटिबॉडी तरी आयुष्यभर पॉझिटिव्हच येत राहते. म्हणजे एखादा माणूस वर्षानुवर्षं मान खाली घालून जगतोय, लग्नाचा विषय टाळतोय, आणि आजार त्याच्या अंगात नाहीच्चे! फक्त दुसरी टेस्ट केली नाही म्हणून. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

बरं, असला तरी काय. अजून लोकांच्या मनात जुन्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनची भीती आहे, वर्षभर चालायची ती ट्रीटमेंट आणि माणूस पार गळून जायचा, बरं होण्याची खात्री नाही ती नाहीच. २०१३ च्या शेवटी सोफोसबुव्हिर नावाचं गोळीचं औषध आलं आणि चित्र पालटलं. आता बहुतेकांना ८ किंवा १२ आठवडे गोळ्या, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. सुरुवातीला किंमत अफाट होती हे खरंय, पण नंतर बऱ्याच देशांत जेनेरिक आली आणि ती खूप खाली आली, इजिप्तनेच २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत सुमारे ५ कोटी लोक तपासले आणि सापडलेल्यांना उपचार दिले. त्यामुळे कधीतरी ऐकलेल्या आकड्यावर विसंबून घरी बसू नका, आजचा आकडा विचारा.

बी साठी सगळ्यांनाच औषध लागत नाही, पण तपासणी सगळ्यांना लागते, व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते, आणि एएलटी म्हणजे लिव्हरला त्रास होतोय का हे दाखवणारी रक्ताची टेस्ट, हे बघून ठरवतात. लागलं तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, रोज एक गोळी, दोन्ही जुनी औषधं, जेनेरिक मिळतात. पैसे संपले म्हणून ही गोळी मनाने बंद करू नका प्लीज, व्हायरस एकदम उसळू शकतो आणि लिव्हर फेल होण्यापर्यंत जाऊ शकतं. पैसे कमी पडतायत हे गोळ्या संपायच्या आधी डॉक्टरला सांगा. आणि सी चे उपचार सुरू करण्याआधी बी ची टेस्ट झाली का ते विचारा, दोन्ही असतील तर सी जाताना बी डोकं वर काढू शकतो.

इन्शुरन्स नसताना सुरुवात कुठून करायची तर फोनवरून. फोनवर तोंड दिसत नाही, नाव लगेच सांगावं लागत नाही. एवढंच म्हणा, माझ्याकडे इन्शुरन्स नाही, हिपॅटायटिसची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, पुढच्या टेस्टला किती लागतील आणि सवलतीसाठी कोणाशी बोलू. मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांचं कामच हे आहे, सरकारी योजना, औषध कंपन्यांचे मदतीचे प्रोग्रॅम, हप्ते, हे त्यांना माहीत असतं. सगळ्या टेस्ट एकदम करायची गरज नसते, आधी कुठल्या हव्यात ते डॉक्टरला सरळ विचारा. लिव्हर कितपत खराब झालंय ह्याचा पहिला अंदाज एएलटी, तिच्यासारखीच एएसटी नावाची रक्ताची टेस्ट, प्लेटलेट आणि वय एवढ्यावरून काढता येतो, त्याला फिब-४ म्हणतात, महागडं स्कॅन पहिल्याच दिवशी लागतं असं नाही. एका ठिकाणी कोणी तोडून बोललं, आणि बोलतात काही जण, ते चूकच आहे, तर दुसऱ्या ठिकाणी फोन करा.

दुखत नाही म्हणून थांबू मात्र नका, लिव्हर खूप खराब होईपर्यंत गप्प राहतं. आणि रक्ताची उलटी, काळं शौच, पोट फुगणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं, ह्यातलं काही दिसलं तर पैशाचा विचार नंतर, आधी इमर्जन्सी.

आता प्रश्न घेऊया. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी चिठ्ठी पाठवली तरी चालेल, नाव लिहू नका.