दर ४८ तासांनी एक भडका

(दृश्य : सर्पिल दीर्घिका, गाभ्याकडे सरकत)

ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे २१ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या गाभ्यातल्या कृष्णविवराकडे २०१९ पर्यंत कुणी वळून पाहावे असे काही घडले नव्हते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणात तिथला प्रकाश अचानक वाढलेला दिसला. एक तारा कृष्णविवराच्या फार जवळ गेला होता.

(दृश्य : संगणकीय चित्रण)

ताऱ्याच्या अलीकडच्या बाजूवर ओढ जास्त, पलीकडच्या बाजूवर कमी. आपल्या समुद्राला भरती येते ती याच फरकामुळे. इथे मात्र तो फरक इतका प्रचंड, की ताऱ्याचे स्वतःचे गुरुत्व त्याला एकसंध ठेवू शकत नाही. तारा ताणला जातो, फाटतो. साधारण निम्मे द्रव्य अवकाशात भिरकावले जाते. उरलेले माघारी वळते आणि कृष्णविवराभोवती फिरत त्याची तबकडी बनते. ती लाखो अंशांपर्यंत तापते आणि तिच्यातून क्ष-किरण बाहेर पडू लागतात.

हे क्ष-किरण जमिनीवरून दिसत नाहीत. वातावरण ते शोषून घेते, आणि आपण सुखरूप आहोत तेही त्यामुळेच. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. तिथेही साधा आरसा चालत नाही, कारण समोरून आदळलेला क्ष-किरण सरळ आत घुसतो. आरशाला जेमतेम चाटून गेला तरच तो वळतो, चपटा दगड तळ्याच्या पाण्यावरून टप्पे घेत जावा तसा.

(दृश्य : प्रयोगशाळा, आरशांची जुळणी)

हे आरसे मुंबईत घडले, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. कसे, ते नीट बघा. गुळगुळीत काचेच्या साच्यावर आधी सोन्याचा अतिशय पातळ थर चढवायचा. त्यावर इपॉक्सी या चिकट गोंदाने ॲल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा चिकटवायचा. इपॉक्सी घट्ट झाले की पत्रा हलक्या हाताने सोडवायचा. सोने काच सोडून पत्र्याला धरून येते आणि काचेचा गुळगुळीतपणाही सोबत आणते. असा एकेक करून ३२० आरसे बनवले, आणि एकात एक अशा ४० वर्तुळांत बसवले. कॅमेऱ्याच्या कामात इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाची साथ होती. डॉ. कुलिंदर पाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावरची सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप.

(दृश्य : श्रीहरिकोटा)

२८ सप्टेंबर २०१५, सकाळचे १० वाजलेत. पीएसएलव्ही-सी३० हे रॉकेट ॲस्ट्रोसॅटला घेऊन निघाले आहे. उपग्रहाचे नियोजित आयुष्य होते पाच वर्षे.

आठ वर्षांनंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या नासाच्या चंद्रा दुर्बिणीने त्या फाटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांकडे तीनदा पाहिले. पहिल्यांदा क्ष-किरण मंद, दुसऱ्यांदा प्रखर, तिसऱ्यांदा पुन्हा मंद. सगळे काही तासांत. मग अंतराळ स्थानकावरच्या नायसर दुर्बिणीने तिथे वारंवार नजर टाकली. नासाच्या स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीने पाहिले आणि आपल्या ॲस्ट्रोसॅटनेही पाहिले.

(दृश्य : आलेख)

आलेखातले हे उंचवटे पाहा. साधारण दर ४८ तासांनी एक भडका, आणि प्रत्येक भडका आठ ते दहा तासांचा. खगोलशास्त्रज्ञ मॅट निकोल यांच्या गटाने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात त्याचा अर्थ मांडला : कृष्णविवराभोवती आधीपासून फिरणारा दुसरा एखादा तारा किंवा छोटे कृष्णविवर आता वाटेत आलेल्या तबकडीला भोसकून पलीकडे जाते आहे. एरवी कोडे वाटणाऱ्या अशा ठरावीक भडक्यांचा फाटलेल्या ताऱ्यांशी संबंध त्यातून जुळला. मोठे कृष्णविवर आणि त्याभोवती फिरणारा सोबती, अशा जोड्या पुढे गुरुत्वीय लहरींतूनही, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या तरंगांतूनही ओळखता येतील, हे तरंग टिपणारी युरोपची लिसा मोहीम अवकाशात गेल्यावर.

(दृश्य : पुणे, आयुका)

ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या इस्रोच्या संग्रहातून ती कुणालाही उतरवून घेता येतात. ती वाचायची कशी, हे शिकवणारा मदत कक्ष पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात आहे. तुमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असतील, तर त्यांना हे आजच सांगा.